'चार्ज' : कुठे बोजा, कुठे आकार, कुठे दोषारोप?

शब्दकोठार

इंग्रजी 'चार्ज' आपल्या तोंडी पुरता रुळला आहे. मोबाइल चार्ज होतो, एसीत गॅस चार्ज होतो, साहेब चार्ज घेतात, पोलीस चार्जशीट टाकतात, बँक चार्जेस लावते. अडचण येते ती मराठीत लिहिताना. शब्दकोशात पहिला दिसलेला 'शुल्क' किंवा 'आरोप' उचलला जातो आणि वाक्य बिघडते. कर्जाच्या कागदातल्या 'फ्लोटिंग चार्ज'चे 'तरंगते शुल्क' केले तर वाचणाऱ्याला वाटेल, बँक काहीतरी फी मागते आहे. मूळ कागदात तर मालमत्तेवरच्या हक्काची गोष्ट असते.

सगळ्या अर्थांचे मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे चाकांची गाडी, आणि त्यावरून झालेले क्रियापद म्हणजे गाडीत माल भरणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. कॅरी, कार्गो, कॅरिकेचर ही त्याचीच भावंडे. म्हणजे गाभ्यात आहे ओझे, भरणे, लादणे. बंदुकीत दारू भरली तो चार्ज, माणसावर जबाबदारी टाकली तो चार्ज, जमिनीवर देणे चढले तो चार्ज, गुन्ह्याचा ठपका ठेवला तोही चार्ज.

माझे म्हणणे असे की मराठीत प्रत्येक खात्याने आपला शब्द केव्हाच ठरवला आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यात हे ओझे टिकून आहे : बोजा, कार्यभार, प्रभार, पुनर्भरण. नवे शब्द पाडण्याआधी हे तयार शब्द वापरावेत. या धाग्यात ज्याने त्याने, आपल्या टोपणनावाखाली, आपापल्या खात्यातला नेमका शब्द, तो कसा वापरतात आणि तो चुकला तर काय बिघडते, हे लिहावे.

फेरफार

महसुलातला शब्द आहे बोजा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचे किंवा सोसायटीचे नाव आणि रक्कम दिसते, तो बोजा. त्याच उताऱ्यावर 'आकार' असाही शब्द असतो. तो जमिनीच्या सरकारी साऱ्याचा आकडा, त्याचा कर्जाशी काही संबंध नाही. इंग्रजी करताना दोन्हीला 'चार्ज' लिहिले की घोटाळा होतो. आकाराला 'असेसमेंट' आणि बोजाला 'चार्ज' किंवा 'एन्कम्ब्रन्स' लिहावे.

गहाण आणि बोजा यांतही फरक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाण आहे, कलम १०० मध्ये बोजा. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे जातो. बोजात तो जात नाही, त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याचा हक्क तेवढा मिळतो. म्हणून मोबदला देऊन आणि बोजाची कल्पना नसताना कोणी जमीन घेतली, तर साधारणपणे त्याच्याविरुद्ध बोजा चालवता येत नाही. सातबाऱ्यावर नोंद हवी ती यासाठी. नोंद असली की 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे खरेदीदाराला अवघड जाते.

गावातल्या विकास सोसायटीचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ४८ लागते. सभासद घोषणापत्र करून देतो आणि त्यात लिहिलेल्या जमिनीवर बोजा निर्माण होतो, वेगळे गहाणखत लागत नाही.

कर्ज फिटले की बोजा आपोआप उतरत नाही. सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. बँकेचा कर्ज निरंक दाखला घ्यायचा, बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून करायचा, मग फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, मुदतीत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून रकाना डोळ्यांनी पाहावा. बँकेचा दाखला कपाटात आणि बोजा उताऱ्यावर, असे असेल तर विक्रीच्या वेळी गाडी तिथेच थांबते.

ताळेबंद

@फेरफार, कंपन्यांच्या बाबतीत जोड देतो. कंपनीने मालमत्तेवर बोजा निर्माण केला की कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७७ नुसार ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा, नमुना सीएचजी-१. कर्ज फिटले की कलम ८२ खाली सीएचजी-४. नोंदणी झाली नाही तर कंपनी बुडाल्यावर अवसायक (तिचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) त्या बोजाची दखल घेत नाही. कर्ज बुडत नाही, पण बँकेचे तारण हातचे जाते.

मूळ धाग्यातल्या 'फ्लोटिंग चार्ज'बद्दल. फिक्स्ड म्हणजे ठरावीक वस्तूवर : अमुक यंत्र, अमुक इमारत. कंपनी ती वस्तू बँकेला विचारल्याशिवाय विकू शकत नाही. फ्लोटिंग म्हणजे कच्चा माल, तयार माल, येणी अशा रोज बदलणाऱ्या गोष्टींवर. कंपनी माल विकत राहते, नवा आणत राहते. हप्ते थकले आणि बँकेने कारवाई सुरू केली की त्या दिवशी जे असेल त्यावर बोजा पक्का बसतो. मराठीत मी 'स्थिर बोजा' आणि 'चल बोजा' लिहितो. 'तरंगता' वाचून अर्थबोध होत नाही.

जीएसटीतला 'रिव्हर्स चार्ज' मात्र वेगळा. तिथे चार्ज म्हणजे कर भरण्याची जबाबदारी, आणि ती विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यावर येते. धंद्याला वकिलाने दिलेली सेवा हे नेहमीचे उदाहरण. हा कर रोखीच्या खातेवहीतूनच भरावा लागतो, साठलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून) चालत नाही. भरल्यावर, पात्र असेल तर, त्याचे क्रेडिट घेता येते. याला 'उलट शुल्क' म्हणू नये, कारण शुल्क कुठेच उलटत नाही. 'कराचा भार घेणाऱ्यावर' असे सरळ लिहावे.

कठडा

फौजदारीत तीन पायऱ्या आहेत आणि बातम्यांत त्या रोज एकमेकींत मिसळतात.

पहिली, पोलीस तपास संपवून न्यायालयात अहवाल देतात, ते दोषारोपपत्र (बातम्यांत 'आरोपपत्र'). पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचे कलम १७३, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९३. दुसरी, न्यायाधीश कागद पाहून, दोन्ही बाजू ऐकून दोषारोप ठेवतात, म्हणजेच आरोप निश्चित करतात. इंग्रजीत खरा 'चार्ज' तो हा. तो आरोपीला वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि 'गुन्हा कबूल आहे का' विचारायचे. तिसरी पायरी पुराव्याची.

म्हणून पोलिसांनी कागद दाखल केले की लगेच 'आरोप सिद्ध'च्या थाटात लिहिणे चूक, आणि 'न्यायालयाने आरोपपत्र दाखल केले' हे तर पूर्ण चूक. न्यायालय आरोपपत्र दाखल करत नाही.

मुदतींचाही गोंधळ होतो. कोठडीतल्या आरोपीला मुदत संपल्यामुळे मिळणारा जामीन पोलिसांच्या दोषारोपपत्राशी बांधलेला आहे. नव्या संहितेच्या कलम १८७(३) नुसार मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. न्यायाधीशांनी दोषारोप कधी ठेवला याच्याशी या जामिनाचे देणेघेणे नाही. सत्र खटल्यात दोषारोप ठेवायला पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांची मुदत कलम २५१ मध्ये आहे, ती वेगळी. समन्स खटल्यांत (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) औपचारिक दोषारोप ठेवावाच लागत नाही.

दोषारोपात काय हवे ते कलम २३४ सांगते : गुन्ह्याचे नाव, कायदा आणि कलम. वेळ, जागा आणि कोणाविरुद्ध हे तपशील पुढच्या कलमात आहेत. चुकले तर निकाल लागेपर्यंत न्यायालयाला तो बदलता येतो, पण बदललेला दोषारोप आरोपीला पुन्हा वाचून दाखवावा लागतो.

शब्दकोठार

@कठडा, 'डिस्चार्ज' आणि 'अक्विटल' यांनाही बातम्यांत सर्रास 'निर्दोष सुटका' म्हणतात. ते बरोबर आहे का?

कठडा

नाही. डिस्चार्ज म्हणजे दोषारोप ठेवण्याइतकेही साहित्य नाही म्हणून खटल्याआधीच सोडणे. वृत्तपत्रांनी त्याला 'दोषमुक्त' हा शब्द धरला आहे. अक्विटल म्हणजे पुरावा होऊन निकाल लागला, ती 'निर्दोष मुक्तता'. परिणाम अगदी वेगळे आहेत. निर्दोष मुक्तता कायम राहिली तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. दोषमुक्त झालेल्यावर मात्र नवा पुरावा मिळाला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. एखाद्याच्या आयुष्याशी जोडलेला हा फरक आहे, त्यामुळे मथळा देणाऱ्याने तो पाळायलाच हवा.

गंधकाम्ल

विजेकडे येतो. पदार्थविज्ञानात शब्द विद्युतप्रभार, शालेय पुस्तकांतही हाच. एकक कूलोम. एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम.

पण बॅटरीला हा शब्द चालत नाही, आणि याचे कारण भाषेचे नाही, विज्ञानाचे आहे. चार्ज केलेल्या बॅटरीत जास्तीचा प्रभार साठलेला नसतो. जितका एका टोकाने आत जातो तितकाच दुसऱ्याने बाहेर येतो. साठते ती रासायनिक ऊर्जा. त्यामुळे 'प्रभारित बॅटरी' लिहिले की मुलांच्या मनात चुकीचे चित्र बसते. 'भरलेली बॅटरी' किंवा सरळ 'चार्ज झालेली' लिहावे.

अँपिअर-तास हे मात्र प्रभाराचेच माप आहे : १ अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या साधारण एक दशांश, म्हणजे १५ अँपिअर. हिशेबाने १० तास लागायला हवेत, पण थोडा प्रवाह पाण्याचे विघटन करण्यात जातो, म्हणून प्रत्यक्षात ११-१२ तास. १४.४ व्होल्टच्या आसपास बुडबुडे जोरात सुरू होतात. त्यानंतर चार्जरने फ्लोटवर, १३.५ ते १३.८ व्होल्टवर, उतरायला हवे. 'फ्लोट चार्ज' हा बँकेतल्या फ्लोटिंग चार्जचा कोणी नाही. भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरता बारीक प्रवाह, एवढाच त्याचा अर्थ.

काय बिघडते : बॅटरी बरेच दिवस अर्धवट उतरलेली ठेवली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि क्षमता परत येत नाही. पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल नाही, कारण उडून जाते ते पाणी. ते चार्जिंग झाल्यावर भरावे. आधी भरले तर द्रव फुगून झाकणातून बाहेर येतो. प्लेट उघडी पडली असेल तेव्हा मात्र आधी प्लेट बुडेपर्यंतच घालावे. हायड्रोमीटरचा (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत १.२४ च्या आसपास आला की ती भरली समजावे, गाडीच्या बॅटरीत १.२८ पर्यंत. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कपाटात बॅटरी नको.

थंडगार

एसी आणि फ्रिजच्या कामात चार्ज म्हणजे यंत्रात भरलेल्या वायूचे वजन. ते पाटीवर ग्रॅम किंवा किलोत छापलेले असते. 'गॅस मारला' एवढ्याने भागत नाही, किती ग्रॅम मारला ते विचारावे.

ही बंद नळी आहे. वायू वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहेच. गळती न शोधता दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' करून घेणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. योग्य क्रम असा : नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहणे, साबणाचे पाणी सांध्यांवर लावणे, गळती बुजवणे, निर्वात पंपाने साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे हे उरलेल्या दाबाचे माप) ओढणे, पंप बंद करून तो आकडा टिकतो का पाहणे, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवरच्या वजनाइतका वायू सोडणे. आर-४१०ए दोन वायूंचे मिश्रण आहे, तो द्रवरूपातच भरावा, नाहीतर प्रमाण बिघडते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आसपास ज्योत नको.

कमी चार्ज : आतल्या कॉइलवर बर्फ, खोली गार होत नाही, कॉम्प्रेसर तापतो. जास्त चार्ज : दाब वाढतो, विजेचा प्रवाह वाढतो, द्रव कॉम्प्रेसरमध्ये येऊन तो मोडू शकतो. नुसता दाब पाहून भरणारे इथेच फसतात, कारण बाहेरचे तापमान बदलले की दाबही बदलतो.

मराठी शब्द? 'भरण'. पण कारागिराशी बोलताना 'गॅस चार्जिंग'च म्हणा.

ओतीव

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत भट्टीत एका वेळी टाकायचा माल तो 'चार्ज'. क्युपोलात (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत) कोकचा थर, मग चुनखडी, मग धातू, पुन्हा तोच क्रम. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत भंगार, पिग आयर्न (कच्चे लोखंड), कार्बन वाढवणारी पूड. इथला एकच नियम जिवाशी आहे : ओले भंगार किंवा तोंड बंद नळी वितळलेल्या धातूत जाऊ द्यायची नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उडतो. जस्ताचा मुलामा असलेले भंगार जास्त झाले तर धूर होतो आणि भट्टीचे अस्तरही खराब होते.

मीटरबॉक्स

वीजबिलावर महावितरणने 'चार्ज'ला आकार हा शब्द पक्का केला आहे आणि तो मला सर्वात नेटका वाटतो : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. 'आकारणे' या क्रियापदाशी थेट नाते असलेला.

त्याच बिलावर 'वीज शुल्क' वेगळे असते. ते 'चार्ज' नसून 'ड्यूटी', म्हणजे राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. ते आकारांच्या बेरजेवर लागते. त्यामुळे मराठी बिल इंग्रजीत नेताना 'वीज शुल्क'ला 'इलेक्ट्रिसिटी चार्ज' लिहिले तर कंपनीचा पैसा आणि सरकारचा पैसा यांची अदलाबदल होते. स्थिर आकार एकही युनिट न जाळता द्यावा लागतो. बंद घराचे बिल शून्य का नाही, याचे उत्तर तिथे आहे.

तळमजला

गृहनिर्माण सोसायटीत 'चार्जेस' एकाच ढिगात टाकतात आणि भांडणे तिथून सुरू होतात. आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) प्रत्येकाची विभागणी वेगळी आहे. सेवा शुल्क (रखवालदार, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालय) सर्व सदनिकांना समान, क्षेत्रफळावर नाही. पाणी नळजोडांच्या संख्या व आकारमानावर. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. सदनिका भाड्याने दिली तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. हे १० टक्के पूर्ण मासिक बिलावर लावणे ही नेहमीची चूक, कारण त्यात महापालिकेचा कर आणि निधीही ओढले जातात.

दप्तरी

कार्यालयात कार्यभार किंवा पदभार. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणजे स्वतःचे पद सांभाळून दुसरेही. 'प्रभारी' म्हणजे नियमित नेमणूक नसताना पद सांभाळणारा. वर्गशिक्षक वर्गाचा 'प्रभारी' नसतो, पण इंग्रजी 'इन-चार्ज'मुळे तसे लिहिले जाते.

कार्यभार देताना यादी दोन प्रतींत करावी : रोकडवही आणि मोजलेली शिल्लक, धनादेश पुस्तके आणि शेवटचा वापरलेला क्रमांक, जडवस्तू (टेबल-कपाटांसारख्या टिकाऊ वस्तू) नोंदवही, सेवापुस्तके, किल्ल्या, प्रलंबित प्रकरणे, न्यायालयीन तारखा, आता पासवर्डही. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या, आणि तारखेसमोर मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर हे स्पष्ट. वेतन त्यावर ठरते. जडवस्तू प्रत्यक्ष न मोजता सही केली तर पुढच्या लेखापरीक्षणात तूट घेणाऱ्याच्या नावावर निघते.

व्याकरणवेडी

इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी. अर्थ ठरवतो तो मागचा छोटा शब्द. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप, पण 'चार्ज्ड विथ द टास्क' म्हणजे काम सोपवले. 'चार्ज फॉर' सेवेचे पैसे, 'चार्ज टू' कोणाच्या खात्यावर टाकायचे ते, 'चार्ज अ‍ॅट' अंगावर धावून जाणे. 'इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल सांभाळणारी व्यक्ती, आणि मधे 'द' घालून 'इन द चार्ज ऑफ' केले की उलट, ज्याला सांभाळले जाते तो. 'अ‍ॅक्यूज्ड'पुढे 'ऑफ' येते, 'चार्ज्ड'पुढे 'विथ'. प्रवासाला 'फेअर', वकील-डॉक्टरांना 'फी', वस्तूला 'प्राइस', बाकी सेवेला 'चार्ज'. 'लाठीचार्ज' हे भारतीय इंग्रजी, ब्रिटनमध्ये 'बॅटन चार्ज'. मराठीत लाठीमार.

'चार्ज्ड अ‍ॅटमॉस्फियर'चे 'भारलेले वातावरण' करताना जपून. मैफलीत ते शोभते. दंगलीच्या बातमीत 'तणावाचे वातावरण' हवे.

पाणलोट

पाण्याचे कोणी लिहिले नाही. 'रिचार्ज'ला पुनर्भरण हा शब्द गावोगाव पोचला आहे : विहीर पुनर्भरण, भूजल पुनर्भरण. ओढ्याचे पाणी थेट विहिरीत सोडू नये. आधी गाळ बसण्याचा खड्डा, मग गाळण खड्डा : तळाशी मोठे दगड, वर खडी, सर्वात वर वाळू, आणि तळातून पाइप विहिरीत. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढावे. वाळूचा वरचा थर दरवर्षी काढून धुवावा, नाहीतर गाळाने तो बंद पडतो. ज्या नाल्यात कारखान्याचे किंवा गोठ्याचे पाणी येते तो वापरायचाच नाही, एकदा भूजल बिघडले की ते सुधारणे फार कठीण.

आणि धरणाचा 'डिस्चार्ज' म्हणजे विसर्ग. दवाखान्यातला डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणे, जखमेतला तो स्राव, धरणातला विसर्ग. बातम्यांत विसर्ग आणि साठा यांची गल्लत होते : विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफूट). १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. 'दहा हजार क्युसेक पाणी सोडले' म्हटले की किती वेळ हेही लिहावे, नुसत्या विसर्गावरून एकूण पाणी कळत नाही. हिशेबाला सोपे : ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला की धरणातून एक टीएमसी पाणी गेलेले असते.